रस्त्याआधी जमिनीचा प्रश्न : ओरेगॉनचे महामार्ग आणि नियोजनाची १९ उद्दिष्टे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहरातून निघून नैऋत्येला जाणारा ९९-डब्ल्यू हा महामार्ग डंडी नावाच्या गावात शिरला की अरुंद होतो. गावाची वस्ती जेमतेम तीन हजारांची. पण २०१८ पर्यंत पोर्टलंडहून मॅकमिनव्हिलकडे आणि पुढे समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी सारी वाहतूक याच गावाच्या मुख्य रस्त्यावरून जात असे, आणि उन्हाळ्यातील सुटीच्या दिवशी मोटारींची रांग मैलोन्मैल लागत असे. गावाच्या एका बाजूला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आहेत. दुसऱ्या बाजूला विलॅमेट नदीच्या खोऱ्यातील सपाट, सुपीक जमीन. या जमिनीवरून बाह्यवळण रस्ता काढावा ही मागणी कित्येक दशके होत राहिली. त्या रस्त्याचा पहिला टप्पा प्रत्यक्षात खुला झाला तो ६ जानेवारी २०१८ रोजी.

इतका काळ लागण्यास निधीची चणचण हे मोठे कारण होते, यात शंका नाही. परंतु दुसरेही एक कारण होते, आणि ते ओरेगॉनबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. या राज्यात शेतजमिनीवरून नवा महामार्ग न्यायचा असेल तर तो राज्याच्या भूमी-वापर नियोजनाच्या उद्दिष्टांत बसतो हे सिद्ध करावे लागते. आणि बसत नसेल, तर उद्दिष्टाला अपवाद का करावा हे लेखी, पुराव्यानिशी आणि आव्हान देता येईल अशा स्वरूपात मांडावे लागते. हे बंधन खासगी बिल्डरपुरते मर्यादित नाही. रस्ता बांधणारे राज्याचे परिवहन खातेही त्याला तितकेच बांधील आहे. 'बिनशेती' या शब्दाभोवती महाराष्ट्रात आजवर जे व्यवहार फिरले ते बहुधा जमीनमालकाच्या अर्जाचे. रस्त्यासाठी भूसंपादन झाले की ती जमीन शेतीची होती काय, हा प्रश्न सहसा मागे पडतो. ओरेगॉनच्या पद्धतीचे वेगळेपण नेमके इथे आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर विलॅमेट खोऱ्याची लोकसंख्या झपाट्याने वाढली. सुमारे दीडशे मैल लांबीच्या या खोऱ्यात राज्यातील बहुसंख्य लोक राहतात आणि राज्यातील उत्तमोत्तम जमीनही याच खोऱ्यात आहे. साहजिकच शहरांची वाढ म्हणजे चांगल्या शेतीचा घास, हे समीकरण तिथे फार लवकर स्पष्ट झाले. १९६९ मध्ये राज्याने प्रत्येक शहराने व काउंटीने आपल्या हद्दीतील जमिनीचे वापरविभाग ठरवावेत असा कायदा केला. पण ते कोणत्या निकषांवर ठरवावेत आणि ते नीट ठरले की नाही हे कोणी पाहावे, याची तरतूद त्यात कच्ची होती. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, मात्र तिचे प्रशासन निवडून आलेल्या मंडळाच्या हाती असते.)

ही उणीव दूर झाली १९७३ मध्ये. त्या वेळचे गव्हर्नर टॉम मॅक्कॉल हे मूळचे पत्रकार. विधिमंडळापुढील भाषणात त्यांनी जमिनीची उधळपट्टी करणाऱ्यांवर कठोर शब्दांत टीका केली, आणि हेक्टर मॅकफर्सन या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी सिनेटरने विधेयक पुढे नेले. 'सिनेट बिल १००' या नावाने तो कायदा आजही ओळखला जातो. दोघेही रिपब्लिकन पक्षाचे होते, ही बाब आजच्या अमेरिकी राजकारणाकडे पाहता मुद्दाम नोंदवण्याजोगी. या कायद्याने सात सदस्यांचा भूसंवर्धन व विकास आयोग स्थापन झाला. आयोगाने राज्यभर सभा घेऊन डिसेंबर १९७४ मध्ये १४ उद्दिष्टे स्वीकारली. १९७५ मध्ये विलॅमेट नदीकाठाचे पंधरावे आणि १९७६ मध्ये समुद्रकिनाऱ्याशी संबंधित चार अशी भर पडून उद्दिष्टांची संख्या १९ झाली.

प्रत्येक शहराने व काउंटीने या उद्दिष्टांना धरून आपला सर्वंकष आराखडा करायचा आणि आयोगाकडून तो मान्य करून घ्यायचा, अशी रचना आहे. राज्यातील ३६ काउंट्या आणि दोनशे चाळीसच्या आसपास शहरे यांचे आराखडे मान्य होईपर्यंत १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. एकदा आराखडा मान्य झाला, की दैनंदिन निर्णयांसाठी उद्दिष्टांऐवजी तो आराखडाच प्रमाण मानला जातो. आराखड्यात बदल करायचा झाला तर मात्र मूळ उद्दिष्टे पुन्हा पुढे येऊन उभी राहतात. नवा महामार्ग हा बहुधा असा बदल असतो.

उद्दिष्टे रस्त्याला कुठे अडवतात

रस्त्याच्या दृष्टीने १९ पैकी मोजकीच उद्दिष्टे निर्णायक ठरतात. तिसरे उद्दिष्ट शेतजमिनीचे. राज्याच्या पश्चिम भागात मृदेच्या वर्गीकरणानुसार पहिल्या ते चौथ्या वर्गातील जमीन ही शेतजमीन मानून राखावी, असे ते सांगते. चौथे वनजमिनीचे. अकरावे सार्वजनिक सुविधांचे आणि चौदावे नागरीकरणाचे. प्रत्येक शहराभोवती 'नागरी वाढ सीमा' आखली जाते. सीमेच्या आत शहर, बाहेर शेती व वने. बारावे उद्दिष्ट वाहतुकीचे. आणि पहिले उद्दिष्ट नागरिकांच्या सहभागाचे आहे. ते पहिल्या क्रमांकावर ठेवले गेले यात आयोगाचा स्वभाव दिसतो.

या उद्दिष्टांत एक अंगभूत ताण आहे. वाहतूक सोयीची व किफायतशीर असावी असे बारावे उद्दिष्ट म्हणते. शेती शेतीच राहावी असे तिसरे म्हणते. रस्त्याच्या डांबराखाली जाणारी जमीन हा त्या ताणाचा लहान भाग झाला. शेतकऱ्यांना खरी धास्ती असते ती रस्त्यापाठोपाठ येणाऱ्या गोष्टींची. एखाद्या काउंटीच्या मधोमध चौपदरी रस्ता आला आणि त्याला इंटरचेंज मिळाला, की पेट्रोलपंप येतो, मोटेल येते, गोदामे येतात. जमिनीचा भाव शेतीच्या उत्पन्नाशी फारकत घेतो. पुढे घरे होतात, आणि घरांत राहायला आलेली मंडळी शेजारच्या शेतातील धूळ, फवारणी व रात्री चालणाऱ्या यंत्रांविषयी तक्रारी करू लागतात. हा क्रम कोणत्याही देशातील महामार्गाच्या कडेला उभे राहून पाहता येतो. ओरेगॉनच्या नियमांनी तो गृहीत धरून त्यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न केला आहे, एवढाच फरक.

सुसंगती कशी ठरते

रस्त्याचा प्रकल्प उद्दिष्टांशी सुसंगत आहे की नाही, हे ठरवण्याचे तीन मार्ग व्यवहारात दिसतात.

पहिला सोपा. रस्ता नागरी सीमेच्या आत असेल आणि शहराच्या मान्य वाहतूक आराखड्यात त्याची नोंद असेल, तर मोठा प्रश्न उरत नाही. आराखडा मान्य होतानाच उद्दिष्टांची कसोटी लागलेली असते. दुसरा मार्ग सीमेबाहेरील किरकोळ कामांचा. शेतीविभागात काय चालते याची यादीच कायद्यात आहे. अस्तित्वात असलेल्या रस्त्याची पुनर्बांधणी, चढावर अवजड वाहनांसाठी जादा मार्गिका, काम चालू असतानाचा तात्पुरता वळणरस्ता अशी कामे तिच्यात येतात. त्यांतील काही विनाअट, तर काहींसाठी आसपासच्या शेतीच्या रूढ पद्धतीत मोठा फरक पडणार नाही किंवा तिचा खर्च फारसा वाढणार नाही, हे दाखवावे लागते.

तिसरा मार्ग अपवादाचा, आणि खरी झुंज इथे होते. सीमेबाहेर, शेतजमिनीवरून, सर्वस्वी नवा महामार्ग न्यायचा असेल तर संबंधित काउंटीने दुसऱ्या उद्दिष्टातील तरतुदीनुसार 'अपवाद' मंजूर करावा लागतो. राज्याचे धोरण या ठिकाणी का लागू करू नये याची सबळ कारणे द्यावी लागतात. ज्या जमिनीला अपवादाची गरजच नाही, तिच्यावर हे काम का भागत नाही, हे सांगावे लागते. निवडलेल्या जागेचे पर्यावरणीय, आर्थिक, सामाजिक आणि ऊर्जाविषयक दूरगामी परिणाम अन्य पर्यायी जागांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या वाईट नाहीत, हे दाखवावे लागते. शेजारच्या वापरांशी हा नवा वापर जुळेल, किंवा उपाययोजना करून जुळवता येईल, याचीही खात्री द्यावी लागते.

रस्त्यांसाठी ही कसोटी १९९१ मध्ये अधिक धारदार झाली. त्या वर्षी आयोगाने 'वाहतूक नियोजन नियम' केला. नवा रस्ता सुचवणाऱ्याने आधी गरज सिद्ध करायची. मग बस, रेल्वे यांसारखी अन्य साधने, चालू रस्त्याची सुधारणा, वाहतुकीचे व्यवस्थापन हे पर्याय का पुरत नाहीत ते दाखवायचे. एखादा पर्याय फेटाळायचा तर खर्च, कार्यक्षमता, आर्थिक विस्थापन यांची मर्यादा आधी ठरवून तिच्या आधारे फेटाळायचा. 'तो आम्हाला पसंत नाही' एवढे उत्तर चालत नाही. यापेक्षाही महत्त्वाचे कलम पुढचे आहे. रस्त्यामुळे ज्या ग्रामीण जमिनीपर्यंत पोहोचणे सोपे होईल तिच्यावर बिगरशेती बांधकामाचा किती दबाव येईल, याचे वर्णन काउंटीने स्वतः करायचे, आणि तो दबाव रोखण्यासाठी रस्त्याची रचना व जमिनीवरील निर्बंध अपवादाच्या ठरावातच समाविष्ट करायचे. म्हणजे रस्ता असा बांधायचा की ज्या शेतांमधून तो जातो तिथून त्यावर सहजी चढता येऊ नये. रस्ता म्हणजे प्रवेश, ही आपली नेहमीची समजूत. इथे प्रवेश नाकारणे हीच रस्त्याला परवानगी मिळण्याची अट होऊन बसते.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे. एखाद्या जमिनीचा वापर बदलल्याने जवळच्या रस्त्यावर मोठा परिणाम होणार असेल, तर तो परिणाम कसा निभावणार हे दाखवल्याशिवाय बदल मंजूर करता येत नाही. महामार्गाच्या तोंडाशी मॉलला परवानगी द्यायची आणि मग कोंडी झाली म्हणून पुन्हा रुंदीकरण मागायचे, हे चक्र त्यामुळे पुष्कळ अंशी रोखले जाते. अर्थात विकासकांना व लहान शहरांना हे कलम जाचक वाटत आले, आणि २०११ मध्ये ते काहीसे सैल करण्यात आले.

या साऱ्याचा लेखी परिपाक म्हणजे 'निष्कर्षपत्र'. ते वाचणे हे काही मनोरंजनाचे काम नव्हे. एकेक उद्दिष्ट घेऊन त्याखाली प्रकल्प ते कसे पाळतो याची कारणे दिलेली असतात. खोऱ्यातल्या रस्त्यासाठी समुद्रकिनाऱ्याची चार उद्दिष्टे 'लागू नाही' एवढ्या शेऱ्यात संपतात. शेतजमिनीच्या उद्दिष्टाखाली मात्र पानेच्या पाने भरतात. काउंटी जाहीर सूचना देते, सुनावणी घेते, येणाऱ्यांचे म्हणणे नोंदवते. या नोंदीला फार महत्त्व आहे, कारण पुढील अपिलात नोंदीबाहेरचा पुरावा सहसा विचारात घेतला जात नाही, आणि सुनावणीत जो मुद्दा मांडला नाही तो नंतर उकरून काढता येत नाही.

अपील चालते ते १९७९ मध्ये स्थापन झालेल्या तीन सदस्यांच्या भूमी-वापर अपील मंडळापुढे. निर्णयानंतर २१ दिवसांत अपील दाखल करावे लागते, आणि मंडळाने काही आठवड्यांत, साधारणतः ७७ दिवसांत, निकाल द्यावा अशी अपेक्षा असते. सुनावणीत भाग घेतलेला कोणीही, मग तो शेजारचा शेतकरी का असेना, अपील करू शकतो. मंडळ निर्णय कायम ठेवते, रद्द करते किंवा कारणे अपुरी म्हणून फेरविचारासाठी परत पाठवते. यांतला तिसरा प्रकार काउंटीच्या अधिकाऱ्यांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

न झालेला रस्ता

या पद्धतीची खरी परीक्षा पाहणारा पहिला मोठा रस्ता कधी बांधलाच गेला नाही. पोर्टलंडच्या पश्चिमेला वॉशिंग्टन काउंटीत १९८० च्या दशकात 'वेस्टर्न बायपास'ची योजना पुढे आली. दक्षिणेस टुआलटिनजवळचा आंतरराज्य महामार्ग आणि उत्तरेस हिल्सबरोजवळचा सनसेट महामार्ग जोडणारा हा रस्ता नागरी सीमेबाहेरील शेतीतून जाणार होता. उपनगरे वाढत होती, उद्योग येत होते, आडव्या दिशेच्या प्रवासाला सोयीचा मार्ग नव्हता. तेव्हा मागणी अगदीच निराधार नव्हती.

विरोधात स्थानिक रहिवाशांची संघटना उभी राहिली आणि तिच्या जोडीला 'थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन' ही संस्था. १९७५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नियोजन कायद्याची पहारेकरी म्हणून ओळखली जाते आणि तिचे मुख्य हत्यार म्हणजे अपील. या वेळी मात्र न्यायासनापुढील वादावर विसंबून न राहता तिने वेगळी वाट धरली. रस्ता नको म्हणणाऱ्याने काय हवे तेही सांगितले पाहिजे, हा नियमातील पर्यायांच्या तरतुदीचा अर्थ तिने स्वतःला लावून घेतला. जमीनवापर, वाहतूक व हवेची गुणवत्ता यांचा एकत्रित विचार करणारा अभ्यास तिने तज्ज्ञांकडून करून घेतला. 'ल्युट्रॅक' या संक्षिप्त नावाने तो नियोजनाच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे.

त्या काळी वाहतुकीचे अंदाज बांधताना भावी वस्तीचा नकाशा ठरलेला आहे असे मानले जाई, आणि त्या वस्तीला पुरेसे रस्ते किती एवढेच गणित मांडले जाई. ल्युट्रॅकने त्या गृहीतकालाच हात घातला. येऊ घातलेली घरे व कार्यालये नियोजित रेल्वेमार्गाच्या स्थानकांभोवती, पायी जाता येईल अशा अंतरात वसवली तर किती मोटारी रस्त्यावर येतील, हा प्रश्न त्याने विचारला. राज्याच्या परिवहन खात्याने हा पर्याय आपल्या अधिकृत अभ्यासात समाविष्ट केला, ही गोष्ट खात्याला श्रेय देणारी म्हटली पाहिजे. अखेर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बायपासची योजना सोडून देण्यात आली. सप्टेंबर १९९८ मध्ये हिल्सबरोपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि ओरेन्को स्टेशनसारख्या वसाहती तिच्या कडेने उभ्या राहिल्या.

या यशाचे कौतुक करताना वॉशिंग्टन काउंटीतील कोंडी संपली असे कोणी म्हणणार नाही. आडव्या प्रवासाची अडचण तिथे राहिलीच, आणि बायपास हवा म्हणणारे आवाजही पुढे अधूनमधून उठत राहिले. पण त्या रस्त्याच्या रेषेवरील जमीन शेतीची राहिली.

झालेला रस्ता

न्यूबर्ग व डंडी या गावांचे बाह्यवळण हे त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले उदाहरण. यॅमहिल काउंटी ही ओरेगॉनच्या वाइन उद्योगाची मायभूमी. १९६० च्या दशकात इथल्या टेकड्यांवर पहिले द्राक्षमळे लागले, आणि पुढे टेकड्यांचे उतार घरांऐवजी शेतीसाठी राखावेत म्हणून मळेवाल्यांनीच नियोजन कायद्याचा आधार घेतला. हेझलनटच्या बागा आणि गवताच्या बियाण्याची शेती यांनीही हा परिसर व्यापला आहे. अशा ठिकाणी सुमारे ११ मैलांचा चौपदरी रस्ता आखायचा होता.

इथे पर्याय शोधले गेले नाहीत असे नाही. जुना रस्ता रुंद करायचा तर डंडीचा मध्यवर्ती भागच पाडावा लागला असता. इतक्या विरळ वस्तीत रेल्वे वा बस साऱ्या वाहतुकीचा भार उचलील हे पटण्याजोगे नव्हते. आणि वाहतुकीतला मोठा हिस्सा गावांत न थांबणाऱ्यांचा होता. गरजेच्या कसोटीवर म्हणूनच हा रस्ता वेस्टर्न बायपासपेक्षा बळकट ठरला. काउंटीने २००४ मध्ये अपवाद मंजूर केला. गावे व नदी यांच्या मधून जाणारी, शक्य तिथे नागरी सीमेच्या आतून किंवा तिला चिकटून राहणारी रेषा निवडण्यात आली. रस्त्यावर चढण्या-उतरण्याची ठिकाणे मोजकी ठेवली गेली आणि त्यांच्या परिसरात पुढे काय बांधता येईल व काय नाही, यासाठी स्वतंत्र व्यवस्थापन आराखडे करण्याचे ठरले.

वादाचा केंद्रबिंदू साहजिकच हे इंटरचेंज होते. बाह्यवळण गावाला टाळण्यासाठी असते. त्याला मध्येच जितकी दारे, तितकी त्या दारांशी वस्ती वाढण्याची भीती. थाउजंड फ्रेंड्सने काउंटीच्या निर्णयाला आव्हान दिले आणि प्रकरण अपील मंडळापुढून राज्याच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. रस्त्याची मंजुरी अखेर टिकली. तरीही आव्हान वाया गेले असे म्हणता येत नाही. कारणे तपासली जाणार आहेत हे ठाऊक असले की ती लिहिताना हात जपून चालतो.

पुढे संघराज्याच्या कायद्यानुसार होणारा पर्यावरणीय अभ्यास २०१२ मध्ये पूर्ण झाला. राज्य विधिमंडळाने २००९ मध्ये केलेल्या वाहतूक निधीच्या कायद्याने पैसा दिला, परंतु तो साऱ्या ११ मैलांना पुरणारा नव्हता. म्हणून सुमारे चार मैलांचा, दोनच मार्गिकांचा पहिला टप्पा बांधला गेला. त्याला सुमारे २५ कोटी डॉलर लागले. ट्रक बऱ्याच प्रमाणात न्यूबर्ग व डंडीच्या मुख्य रस्त्यांवरून हटले. मात्र टप्पा संपतो तिथे वाहने पुन्हा जुन्या रस्त्याला मिळतात आणि सिग्नलपाशी थांबतात. अर्ध्या रस्त्याने अर्धीच कोंडी सुटते, हा अनुभव मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मर्यादा आणि आक्षेप

या पद्धतीवर टीका करणारे दोन अगदी विरुद्ध दिशांनी येतात. एकांच्या मते ती सरकारी कामाला दशकानुदशके खोळंबवते, आणि तेवढ्या काळात खर्च वाढतो, अपघात होत राहतात, गावाची हवा धुराने भरते. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. डंडीच्या मुख्य रस्त्यावर दुकान चालवणाऱ्याला सुपीक मातीच्या वर्गीकरणाचे सुख मर्यादितच वाटणार. दुसऱ्यांच्या मते, अपवाद अखेर मंजूर होतोच. निष्कर्षपत्र लिहिण्यात वाकबगार झालेले सल्लागार कोणत्याही रस्त्याला १९ उद्दिष्टांच्या साच्यात बसवून देतात. यातही तथ्य आहे. आधी निर्णय आणि मग कारणे, ही नोकरशाहीची जुनी सवय ओरेगॉनमध्ये जन्मली नसली तरी तिथे अनोळखी नाही.

कसोटीची काटेकोरता कधी विचित्र निकालही देते. याच यॅमहिल काउंटीत एका जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी वाट करण्याची योजना होती. शेजारच्या शेतकऱ्यांनी आक्षेप घेतला की लोकांची ये-जा सुरू झाली की फवारणीवर मर्यादा येतील. अपील मंडळाने काउंटीची मंजुरी एकाहून अधिक वेळा परत पाठवली आणि २०२१ मध्ये काउंटीने योजनाच मागे घेतली. महामार्ग झाला, पायवाट अडली. वरवर हे हास्यास्पद वाटते. पण दोन्ही प्रकरणांत प्रश्न एकच होता, शेजारच्या शेतीचे काय होणार हे पुराव्याने दाखवले काय. आणि महामार्गाच्या बाजूने उभी राहिलेली सज्ज यंत्रणा पायवाटेच्या बाजूने नव्हती.

लोकमताची कसोटीही या कायद्याने अनेकदा दिली आहे. १९७६, १९७८ आणि १९८२ मध्ये तो मोडीत काढण्यासाठी किंवा त्याचे दात काढण्यासाठी जनमत घेण्यात आले आणि तिन्ही वेळा मतदारांनी कायदा राखला. १९८२ च्या मोहिमेत कर्करोगाने आजारी असलेले मॅक्कॉल स्वतः प्रचारात उतरले. जानेवारी १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. २००४ मध्ये मात्र निर्बंधांमुळे जमिनीची किंमत घटलेल्या मालकांना भरपाई द्यावी, नाहीतर निर्बंध शिथिल करावे, असा प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने संमत झाला. दाव्यांचा लोंढा आला. शेतीविभागात वसाहती उभ्या राहण्याची शक्यता दिसू लागताच तीन वर्षांत, २००७ मध्ये, त्याच मतदारांनी तो पुष्कळसा आवरता घेतला. आपल्या जमिनीवर बंधन नको, शेजारच्या शेतात वसाहतही नको, ही दोन्ही मते एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात.

वाहतूक नियोजनाचा नियमही स्थिर राहिलेला नाही. १९९१ मध्ये महानगरांतील दरडोई मोटारप्रवास पुढील वीस वर्षांत दहा टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य त्यात होते. ते गाठणे अवघड दिसू लागल्यावर पुढे त्यात बदल झाले. जुलै २०२२ मध्ये आयोगाने हवामानबदल डोळ्यांपुढे ठेवून महानगरांसाठीचे नियम पुन्हा कडक केले. मोटारींच्या क्षमतेत भर घालणारे मोठे प्रकल्प आराखड्यात घेण्यापूर्वी त्यांची अधिक कठोर तपासणी व्हावी, असा त्यांचा रोख आहे, आणि काही शहरांनी त्यांना न्यायालयात आव्हानही दिले.

न्यूबर्ग-डंडी बाह्यवळणाच्या उरलेल्या टप्प्यांची रेषा काउंटीच्या नकाशावर आखलेली आहे. पूर्वेकडे ती रेक्स हिलच्या दिशेने जाते, पश्चिमेकडे डेटन गावाजवळच्या जोडरस्त्यापर्यंत. अपवाद मिळाला आहे तो त्या रेषेपुरता. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन शेतीविभागात आहे, आणि तिथे रस्त्यावर चढण्यासाठी आणखी एक दार हवे असेल तर काउंटीला पुन्हा पहिल्यापासून कारणे लिहावी लागतील.